चंद्राच्या रुळाला हळद लागली

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे. मला जरा कमी ऐकू येतं, तेव्हा मी ओरडून बोललो तर राग मानू नका. माझी उभी जवानी डीजेच्या स्पीकरच्या पोटात गेली आहे!

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतात ते बेलपाड्याच्या निकेशशेठकडचे दिवस. पनवेलपासून उरणपर्यंत कुठेही हळद असो, निकेशशेठचा टेम्पो हजर, आणि टेम्पोत मी. माझ्या जोरावर स्पीकर असा गरजायचा की म्हातारे काठी टाकून नाचायचे. लोक म्हणायचे, "काय आवाज हाय!" माझं नाव कोणी घेत नसे, पण मी मनातल्या मनात फुगायचो. एका हळदीत निकेशशेठने आवाज इतका वाढवला की टेम्पोतले पाचही स्पीकर फाटले. मला आणि माझ्या चार भावंडांना उचकटून पत्र्याच्या डब्यात टाकलं. दोन वर्षं आम्ही एकमेकांना चिकटून बसलो. दुसरं करणार तरी काय?

तिथून आम्हाला काढलं पूर्वीने. ही निकेशशेठची लेक, पनवेलच्या शाळेत आठवीला. गेल्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा ज्वालामुखी पाहुण्यांच्या अंगावर फुटला होता. तेव्हा विज्ञानाचे निनाद सर म्हणाले होते, "पुढच्या वर्षीही फसलीस, तर मग नुसते तक्ते रंगवायचे." तक्त्यांच्या नावानेच पोरगी रडकुंडीला यायची. तिला काहीतरी उडवायचंच होतं!

यंदा तिने चंद्रावरून यान सोडायचा चुंबकी रूळ करायला घेतला. सरकत्या खिडकीची पट्टी आणली, आम्हा पाचांना त्यावर अंतराअंतराने चिकटवलं आणि प्रत्येकापुढे सायकलचे दोन-दोन छर्रे ठेवले. मागून एक छर्रा हळूच सोडायचा. पहिला चुंबक त्याला खेचणार, त्या धडकेने पुढचा छर्रा सुटून दुसऱ्याकडे धावणार, असं करत शेवटचा छर्रा, म्हणजे आमचं यान, सुसाट सुटणार. खऱ्या चंद्रावर विजेचे चुंबक असेच एकामागून एक यानाला वेग देतील, असं ती सांगायची. भंगाराच्या डब्यातून थेट चंद्र! मी पुन्हा फुगलो.

प्रदर्शनाच्या सकाळी हौसाआत्या आली. उरणच्या बाजारात सुकी मासळी विकणारी ही पूर्वीची सख्खी आत्या.

"चंद्राव जानारी गारी, न तिची पूजा नाय केली?"

नवी गाडी पूजेशिवाय उंबऱ्याबाहेर काढायची नाही, ही आमच्याकडची रीत. पूर्वी वेणी घालत होती तेवढ्यात आत्याने रुळावर हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. अगदी मनापासून केलं बिचारीने. आणि मला हळदीची सवयच, मी आपला खुशीत!

शाळेत परीक्षक कोमल मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. पूर्वीने छर्रा सोडला. पहिला चुंबक खट्, दुसरा खट्, आणि तिसरा, म्हणजे मी... छर्रा माझ्या अलीकडे सुकलेल्या हळदीत रुतून बसला. निनाद सरांनी कपाळाला हात लावला. मी जीव तोडून ओढत होतो हो, पण छर्रा हलेना. शपथेवर सांगतो, इतका लाचार मी डब्यातही नव्हतो.

"ही माजी चूक हाय," म्हणत आत्या पदर खोचून गर्दीतून पुढे आली. तिने रूळ पदराने खसाखसा पुसला, आपल्या तेलकट अंबाड्यावरून बोट फिरवलं आणि तेच रुळावर ओढलं. "दर्याच्या चिखलान होरी रुतली का आमी फळीला तेल लावताव. मंग रांगेन उभं रहून एकेक जन लोटताव. पोरीची गारी बी तशीच हाय."

मॅडम हसल्या. "पण मग हा रूळ चंद्रावरच कशाला?"

आत्या पूर्वीकडे वळली. "ता तू सांग. मना नाय म्हाईत."

पूर्वीने डोळे पुसले. "चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकीच असते, मॅडम. आणि वाटेत अडवायला हवा नाही. म्हणून तिथून यान सोडणं सोपं." तिने सगळे छर्रे पुन्हा जागेवर लावले आणि पहिला सोडला.

खट् खट् खट् खट् खट्! यान दारातून सुटलं ते थेट व्हरांड्यातल्या घंटेवर जाऊन आदळलं. शेजारचा पाचवीचा वर्ग मधली सुट्टी समजून डबे घेऊन बाहेर धावला.

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी जिल्ह्याच्या प्रदर्शनाचा फॉर्म पुढे केला. 'मार्गदर्शक' या रकान्यापाशी निनाद सरांनी कॉलर नीट केली. पूर्वीने लिहिलं, 'हौसाआत्या, उरण.' आत्याने ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग तिच्या डोळ्यांतून खळ्ळकन पाणी आलं.

मित्रांनो, चुंबकाला आपटलं किंवा फार तापवलं की त्याचा जोर जातो, तेव्हा आम्हाला जपा. पूजाही जरूर करा. फक्त हळद रुळाच्या बाहेर लावा, आणि आत्याला मात्र आत बोलवा.