नको तिथली काळी पट्टी

धम्मप्रियानं पडद्याचा उजेड वाढवला, कमी केला, चष्मा पुसला. पट्टी होती तिथंच होती, काळीकुट्ट.

पेशीला नको झालेल्या प्रथिनावर नष्ट करण्याची खूण लागते. एक विकर, म्हणजे एन्झाइम, ती खूण काढून त्या प्रथिनाला वाचवतं. आजारी पेशींत हे विकर वाढतं, असं तिच्याच प्रयोगशाळेतल्या शरणबसवनं तीन वर्षं खपून दाखवलं होतं. त्यासाठी सशाच्या रक्तातून काढलेलं प्रतिपिंड वापरलं होतं; ते विकराला चिकटलं की पडद्यावर काळी पट्टी उमटते. लेख छापण्याआधी मासिकानं पुन्हा खात्री मागितली, म्हणून तिनं आज फ्रीजरमधलं नवं, जनुकावरून घडवलेलं प्रतिपिंडही लावून पाहिलं. ज्या पेशींतून ते विकर काढूनच टाकलं होतं, तिथं नव्या प्रतिपिंडानं काही दाखवलं नाही. जुन्यानं मात्र ठसठशीत पट्टी दाखवली. म्हणजे जुनं भलत्यालाच धरत होतं. तीन वर्षं पाण्यात! आणि शरणू गेल्या मार्चमध्ये मोडनिंबजवळ उसाच्या ट्रॉलीवर गाडी आदळून गेलेला.

तिला रडू आलं आणि शरणूचा रागही आला. मेल्या, तुझ्या बापाला आता काय सांगू?

बाप दारातच उभा होता. सिद्धप्पा अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मागावर टॉवेल विणत. पाळी संपवून ते तसेच आले होते, भुवयांवर सुताचे तंतू घेऊन.

"ताई, सोमवारी वरीस भरतंय. छापून आलं का त्याचं? फोटोपाशी ठेवायचं हाय."

टेबलावर लेखाची प्रत होती, वर शरणूचं नाव. ती देऊन मोकळं होता आलं असतं. घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, विचारणार कोण?

"नाही छापणार, काका. त्यात चूक निघाली."

सिद्धप्पा स्टुलावर बसले.

"पोरानं खोटं केलं व्हय?"

"छे हो! औषधानं फसवलं त्याला."

"मग चूक कुनी काडली?"

"मी. आज, या नव्या बाटलीनं."

दाखवायला तिनं बाटलीचं खोकं उचललं. तळाशी मागणीचा कागद घडी करून ठेवलेला होता. अक्षर ओळखीचं होतं. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'माझ्याच पट्टीवर माझा भरवसा नाही. तपासायची आहे.' खाली शरणूची सही आणि तारीख, तो जाण्याआधी चार दिवसांची.

तिनं मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "मी नाही, काका. त्यानंच काढली."

सिद्धप्पा स्टुलावरून उठले.

"धागा तुटला तरी लई जन तसंच रेटत्यात. त्याला बारका असतानाच सांगितलं व्हतं, पयला माग थांबव." त्यांनी हात धोतराला पुसून पुढं केला. "ह्योच कागद दे. ह्योच ठेवतो."

"यात त्याची चूक लिहिलीय, काका."

"आसू दे की."

कागद खिशात घालून ते दारापर्यंत गेले आणि चौकटीला धरून उभे राहिले.

"माग थांबवला गं पोरानं," ते म्हणाले. "गाडी तेवडी थांबवायची व्हती."