जांभळा रंग उडतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. सावेडीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभी असते. इतकी वर्षं झाली, पण माणसांचं वागणं मला अजून उमगलेलं नाही.

पारनेरची प्रज्ञा इथे संशोधन करते. ती माझ्यात पांढरी पूड भरते आणि वरून गुळवेलीच्या पानांचा अर्क सोडते. अर्कातले पदार्थ वेगळे होऊन एकामागून एक खाली उतरतात. प्रत्येकाचा थेंब ती जांभळ्या पाण्यात टाकते. रंग उडून पाणी पिवळं झालं की तिला हवा तो, शरीराची झीज रोखणारा पदार्थ सापडतो. रंग उडाला म्हणून आनंद? माझा तर गोंधळच होतो.

यंदा मात्र रंग उडेचना. प्रबंध द्यायची मुदत जवळ आलेली आणि तो पदार्थ पुन्हा मिळाल्याशिवाय प्रज्ञाचं सगळं काम अडलेलं. तिचे मार्गदर्शक भागवत सर म्हणाले, "नळी जुनी झालीय. काढून टाका." मला खोक्यात टाकलं. माझं काय चुकलं, हेच मला कळेना. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाची आई, भागिरथीबाई, डबा आणि गुळवेलीच्या पानांच्या भुकटीची पिशवी घेऊन आल्या. यंदापासून पानं त्याच वाळवून, कुटून देत होत्या.

"ही बी पत्र्यावर वाळवलीय. कुरडयांवानी खडखडीत झाली बग."

प्रज्ञा थबकली. "आई, मागची पण उन्हातच वाळवली होतीस?"

"व्हय. सावलीत बुरशी धरती न्हाई का?"

"उन्हानं गुण जातो गं पानांचा. तुला सांगायचंच राहिलं."

नवी पानं भागिरथीबाईंनी घरात, पंख्याखाली वाळवली. प्रज्ञाने मला खोक्यातून काढून धुतलं. अर्क माझ्यातून उतरला, थेंब पडला आणि जांभळं पाणी पिवळं झालं. प्रज्ञा हसता हसता रडली.

आई शेजारीच उभ्या होत्या. "रंग गेला आन तू खूश? माझ्या लुगड्याचा गेला तर मी दुकानदाराला सोडनार न्हाई."

मित्रांनो, काही बिघडलं तर एखाद्याला खोक्यात टाकण्याआधी जरा विचारपूस करा. आणि भागिरथीबाईंच्या प्रश्नाला हसू नका. मीही कधीपासून तेच विचारतेय, फक्त मला तोंड नाही.