एकोणतीस कडा

यशोवर्धन ज्या कार्यशाळेला ‘आपली फुटबॅग आपण शिवा’ म्हणायचा, तिच्यात आपण शिवायची कड एकच असायची. फुटबॅग म्हणजे मुठीत मावणारी गोल कापडी पिशवी. आत दाणे भरायचे आणि हात न लावता पायांनी, गुडघ्यांनी ती हवेत उडवत ठेवायची. यशोवर्धनची पिशवी बारा पंचकोनी तुकड्यांची होती. बारा पंचकोन जोडले की तीस कडा होतात. त्यांतल्या एकोणतीस आधीच शिवून आलेल्या असायच्या. रविवारी सकाळी बंगळुरात, मारतहळ्ळीतल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये लोक जमायचे, कागदाच्या नळीतून पिशवीत नाचणी ओतायचे, तिसावी कड शिवायचे, सुई धरलेल्या हाताचा फोटो काढायचे आणि घरी जाऊन सांगायचे, मी शिवली. एकूण श्रमाच्या तीन पूर्णांक तीन दशांश टक्के. तेही वाकडे.

यशोवर्धन नागपूरचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर. कुठलीही वस्तू हातात घेतली की त्याला तिची गोष्ट सुचायची. ती टिकेल का, हा प्रश्न सुचायचा नाही. आत प्लास्टिकचे किंवा काचेचे मणी का नाहीत, असं मी पहिल्याच रविवारी विचारलं.

“सुखदा, यार, प्लास्टिक इज व्हायोलन्स,” तो म्हणाला. “नाचणी इज सॉइल. पायाला माती आठवली पाहिजे.”

कापडही त्यानं त्याच हिशेबानं निवडलं होतं. बिटाच्या आणि पालकाच्या पाण्यात बुडवलेलं सुती, मलमलीपेक्षा जेमतेम जाड. पिशवीवर चिमुकली पट्टी होती: ‘टाके: पद्मावतीबाई, शिवाजीनगर’. गोष्टीत एक म्हातारी बाई असली की गोष्ट बरी वाटते.

पद्मावतीबाई म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मेघाश्रीची आत्या. त्यांचं घराणं पाच पिढ्या बंगळुरात शिंपीकाम करतंय. घरात मराठी बोलतात, भांडण तापलं की कन्नडमध्ये शिरतात. शिवाजीनगरच्या एका गल्लीत आत्याबाईंचं दुकान आहे. तिथं वकिलांचे काळे गाऊन आणि बँडवाल्यांचे कोट शिवले जातात. मेघाश्रीनंच हे काम आत्याला मिळवून दिलं होतं. मी तेव्हा बाईंना भेटलेही नव्हते.

चौथ्या आठवड्यात पिशव्या फुटायला लागल्या. यशोवर्धन सहा फुटक्या पिशव्या घेऊन माझ्या दारात आला. रिकाम्या, धुतलेल्या, चक्क इस्त्री केलेल्या.

“तू मटेरियल टेस्टिंगवाली आहेस ना? बघ की काय इशू आहे.”

मी भिंग काढलं. टाके मोजले, इंचाला अठरा. सहाही पिशव्या शिवणीच्या रेषेवरच फाटल्या होत्या. वीस मिनिटांत मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं: ‘सर्व पिशव्या शिवणीवर फाटल्या आहेत. टाके फार जवळ असल्यामुळे छिद्रांची रांग तयार होते आणि कापड तिथे फाटते, पोस्टाच्या तिकिटांसारखे.’ तिकिटांची उपमा मला फार आवडली होती. यशोवर्धननं लगेच तिच्यावर कडी केली: ‘फाउंड इट, फ्रेंड्स! हँड-स्टिचचा प्रॉब्लेम. नेक्स्ट बॅच मशीनवर!’

तिसऱ्या दिवशी मेघाश्री माझ्या टेबलापाशी आली. “आत्तेनं बोलावलंय तुला. पिशव्या घेऊन ये म्हणाली.”

“रागावल्यात?”

“संतोषकुमार वकील तुमच्याच सोसायटीत राहतात ना? ते दुकानात आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारून गेले, ‘पद्मक्का, तुमची शिवण उसवते म्हणे आता?’ चाळीस वर्षांत आत्तेकडे शिवण उसवली म्हणून एक कपडा परत आलेला नाही. तेव्हापासून जेवण धड नाही तिचं.”

दुकान एवढं अरुंद होतं, की टांगलेल्या गाऊनांच्या बाह्या खांद्याला लागत होत्या. पद्मावतीबाई मशीनमागे बसल्या होत्या. सडपातळ, बोटात अंगुस्तान, चष्मा नाकाच्या टोकावर.

“ही का ती?” त्यांनी मेघाश्रीला विचारलं आणि मग मला म्हणाल्या, “बसा अक्का.” त्या अक्कात आदर अजिबात नव्हता. “काढ फाटकं.”

मी सहाही पिशव्या पुढे ठेवल्या.

“दोरा कुठं तुटलाय?”

“शिवणीच्या रेषेवर कापड...”

“ते आंधळ्यालाही दिसतंय. दोरा कुठं तुटलाय, ते दाखव.”

मी भिंग काढलं. पहिली पिशवी, दुसरी, तिसरी. सहाव्या पिशवीपर्यंत माझे कान गरम झाले होते. दोरा कुठेच तुटला नव्हता. प्रत्येक फाट दोऱ्याला अगदी चिकटून, पण कापडात होती.

“दोरा तुटला तर शिंप्याची चूक,” बाई म्हणाल्या. “कापड तुटलं तर कापडाची. आमच्याकडं काजं करायला बसलेल्या पोरीला पहिल्या दिवशी सांगतात हे. तुला कुणी पास केलं?”

“आत्ते, स्वल्प हळू,” मेघाश्री म्हणाली.

“हळू? तिनं ग्रुपवर हळू लिहिलंन?” बाईंनी एक पिशवी नाकाशी धरली. “साबण. धुतलंय कुणी?”

“यशोवर्धननं.”

“आणि तू विचारलं नाहीस, फाटका कपडा धुऊन का आणलास म्हणून? इस्त्रीसुद्धा मारलीय बघ. मयताला पावडर लावतात तशी.”

मी विचारलं नव्हतं. पिशव्या रिकाम्या का आल्या, आत काय होतं, ते कुठे गेलं, यातलं काहीच. माझ्यापुढे पुरावा स्वच्छ करून ठेवला होता आणि तो किती स्वच्छ आहे यावर मी खूश झाले होते. माझं वाक्य खोटंही नव्हतं. छिद्रांच्या रांगेवर कापड आधी फाटतंच. पण मुळात ते फाटण्याइतकं कशानं झिजलं, हे मला बघायचं होतं, आणि मी टाके मोजत बसले होते.

मेघाश्रीच्या पर्समध्ये एक न फुटलेली पिशवी होती. बाईंनी तीही हुंगली आणि तोंड वाकडं केलं. “आंबलंय.” त्यांनी कात्रीचं टोक घातलं. आतून नाचणी सांडली नाही, गोळा निघाला. दाणे एकमेकांना धरून बसलेले, त्यांतून पांढरे कोंब, कडेला करडी बुरशी.

“मोड आलेत,” त्या म्हणाल्या. “आणखी दोन दिवस ठेवली असतीस तर आंबील झाली असती. प्यायला दिलं असतं त्या मुलाला.”

आता सगळं साधं होतं. सोसायटीच्या हिरवळीवर रोज सकाळी पाणी मारतात. खेळताना पिशव्या त्यात पडायच्या आणि ओल्याच बॅगेत कोंबल्या जायच्या. नाचणी फुगायची, रुजायची, बुरशी आतून कापड खायची. मलमलीत मोड आणण्याची युक्ती कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात ठाऊक असते. यशोवर्धननं ती खेळ म्हणून शोधून काढली होती.

“माझं मागणं एवढंच,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “तू जिथं लिहिलंस तिथंच पुन्हा लिहायचं. आणि त्या मुलानं रविवारी सगळ्यांसमोर म्हणायचं, शिवण पद्मावतीची होती आणि ती उसवली नाही. हार नको, नारळ नको.”

“मी आधी प्रयोग करते. पक्कं झालं की...”

“कर बाई. तुला खरं कळायला वेळ लागतो, खोटं पटकन कळतं.”

त्यांनी मला दोन पिशव्या दिल्या. कापड तेच, हात तोच. त्यांची पद्धतही तेव्हा मी नीट पाहिली. प्रत्येक कडेला वेगळा दोरा, दोन्ही टोकांना गाठ. एक कड गेली तरी शेजारची धरून राहावी म्हणून. मी एकीत नाचणी भरली, दुसरीत काचेचे मणी, दोन्ही ओल्या टॉवेलवर ठेवल्या. सहाव्या दिवशी नाचणीच्या पिशवीतून माझा अंगठा आरपार गेला. मण्यांची पिशवी पिळली, वाळवली आणि तिच्याशी अर्धा तास खेळले. पिशवीला काही झालं नाही. माझा विक्रम सलग चार लाथांचा. हा खेळ समजून घेणं मला खेळण्यापेक्षा बरंच सोपं जातं.

रविवारी पद्मावतीबाई दोन बस बदलून आल्या. जांभळी रेशमी साडी, हातात कापडी पिशवी. तिसऱ्या ओळीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसल्या. संतोषकुमार वकील मागे उभे राहून चहा पीत होते. मी दोन्ही पिशव्या दाखवल्या, कोंब दाखवले, न तुटलेला दोरा दाखवला आणि माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता असं सांगितलं. लोक कोंबांकडे बघत होते. दोरा काळा असतो, बारीक असतो, त्याचा फोटो चांगला येत नाही.

यशोवर्धनचा चेहरा उजळला.

“वेट. म्हणजे ती उगवतेय? फ्रेंड्स, धिस इज अ लिव्हिंग फुटबॅग! खेळा, आणि मग कुंडीत पेरा!”

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. कुणीतरी ‘वॉव’ही म्हणालं. पायानं तुडवलेलं, कुजलेलं धान्य बघून पदवीधर माणसांनी टाळ्या वाजवल्या.

“मुला,” पद्मावतीबाई बसूनच म्हणाल्या, “शिवण उसवली की नाही, तेवढं सांग.”

“आजी, आता फुटणं हीच तर ब्यूटी आहे ना! तुमचे टाके उमलले म्हणून तर अंकुर बाहेर आला!”

बाई उठल्या. टेबलावर नव्या पिशव्यांची टोपली होती. त्यांनी साडीवर चष्मा पुसला, कापडी पिशवीतून छोटी कात्री काढली आणि एकेका फुटबॅगेवरची नावाची पट्टी कापायला सुरुवात केली. सव्वीस पिशव्या होत्या. घाई नाही, कापडाला कुठं ओरखडा नाही. लोक आधी हसले, मग मोबाइल बघायला लागले.

“आजी, मग नाव कुणाचं लावू?” यशोवर्धननं विचारलं.

“मोड ज्यानं आणले त्याचं. आणि मला आजी म्हणू नको. आमच्या घरात एवढं पातळ कापड वापरत नाहीत.”

मी त्याच दुपारी ग्रुपवर दुरुस्ती लिहिली: दोरा शाबूत होता, कापड आतून कुजलं, आधीचा निष्कर्ष चूक होता आणि ती चूक माझी. तिला तीन अंगठे मिळाले, त्यांतला एक मेघाश्रीचा. यशोवर्धनच्या कुंडीच्या फोटोला ब्याण्णव.

बाईंना बसस्टॉपवर सोडताना त्यांनी विचारलं, “वकिलानं वाचलं?”

“वाचलंय. निळी खूण दिसतेय.”

“बोलला काही?”

“नाही.”

“मग नाही वाचलं,” त्या म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

पुढे सात आठवडे मी त्या क्लबहाऊसमध्ये गेले नाही. मग एके दिवशी ग्रुपवर यशोवर्धनचा लांबलचक संदेश आला. नाचणी वीतभर वाढली होती, कापड मातीत पूर्ण विरघळलं होतं, हा मोठाच प्रवास होता, वगैरे. आणि खाली: ‘पण ऑनेस्टली, आय अॅम डिसअपॉइंटेड. कुंडी उकरली तर पद्मावतीबाईंचा दोरा जसाच्या तसा निघाला. कुठेही तुटला नाही, कुजला नाही, ओढून पाहिला तरी तुटत नाही. नॉट ओके. शिलाईचा दर्जा असा असेल तर आपण सस्टेनेबल कसे होणार?’ सोबत मातीने माखलेल्या काळ्या गुंत्याचा फोटो.

मी तडक त्याच्या घरी गेले आणि तो गुंता मागितला. त्यानं तो आनंदानं दिला, कागदात गुंडाळून, विषारी वस्तू असल्यासारखा.

शनिवारी मेघाश्रीनं दुकानात तो संदेश वाचून दाखवला. पद्मावतीबाईंनी मशीन थांबवलं नाही. मी गुंता धुऊन आणला होता. गाऊन कापायच्या टेबलावर एकेक दोरा सरळ करून मांडत गेले. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना गाठ, मध्ये टाक्यांचे बारीक वळसे.

“किती?” बाईंनी मान न वळवता विचारलं.

“एकोणतीस.”

“तिसावा?”

“तो शिकणाऱ्यांचा. यशोवर्धननं त्यांना सुती दोरा दिला होता. कुजला.”

“हं.” त्यांनी मशीन थांबवलं, येऊन टेबलावर वाकल्या आणि एक दोरा दोन्ही हातांत धरून ताणला. “वकिलाच्या गाऊनचा दोरा आहे हा. वकील कुजेल, गाऊन राहील.” मग मेघाश्रीला म्हणाल्या, “परत वाच. दोऱ्याचं तेवढंच.”

मेघाश्रीनं वाचलं: कुठेही तुटला नाही, कुजला नाही, ओढून पाहिला तरी तुटत नाही.

“नाव लिहिलंय त्यात माझं?”

“लिहिलंय. पद्मावतीबाईंचा दोरा.”

“आता कुठं त्या मुलाला तक्रार लिहिता आली,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “ए शिकलेल्या बाई, ही तक्रार छापून आण. मोठ्या अक्षरांत, खाली त्याचं नाव घालून. इथं दारात लावायची. शुक्रवारी संतोषकुमार नव्या गाऊनचं माप द्यायला यायचाय.”