बेचाळिसावा आवाज

मित्रांनो, मी फोन आहे हे तुम्हाला पहिल्या नजरेत ओळखू येणार नाही. माझ्या चेहऱ्यावर काच उरलेली नाही. उजवा कोपरा आत दुमडलाय, पाठीला खोक पडलीय आणि बॅटरी काढून घेतल्यामुळे पोट रिकामं आहे. वय म्हणाल तर सहा वर्षं. माणसांत सहा वर्षांचं मूल पहिलीत जातं. आमच्यात सहा वर्षांचा म्हणजे म्हातारा.

मी जन्मलो त्या कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेली माणसं आम्हाला फुलासारखं उचलायची. मात्र प्रत्येक तुकडीतली दोन-चार भावंडं बाजूला काढून मीटरभर उंचीवरून फरशीवर पाडली जायची. कोण किती मार सोसतो हे बघायची ती पद्धत. त्या वेळी मी वाचलो. माझी परीक्षा पुढे घरी व्हायची होती.

मला घेतलं ते रक्त तपासणाऱ्या एका बाईंनी. दिवसभर त्या लॅबमध्ये काचेच्या नळ्यांवरची नावं वाचायच्या, नळ्या यंत्रात फिरवायच्या, आकडे लिहायच्या. मी त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात असायचो. त्यांच्या मुलीचा पडलेला पहिला दात, तिचं पहिलं सायकलवरून पडणं, सगळं मी टिपलं. "हा फोन नसेल तर मी आंधळी आहे," असं बाई म्हणायच्या, आणि खोटं का सांगू, मला बरं वाटायचं.

बाईंच्या नवऱ्याचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलावरचे टॉप. हात इतका साफ की हिऱ्याच्या टोकाने एक रेघ ओढायचा आणि काच लोण्यासारखी दुभंगायची. तेच हात घरी वेगळं काम करायचे.

दुसऱ्या वर्षी त्याने मला पहिल्यांदा भिंतीवर फेकलं. बाईंनी त्याचा फोन चार वेळा उचलला नाही, एवढंच कारण. माझ्या काचेला कोपऱ्यातून चीर गेली. तो जवळ आला, निरखून बघितलं आणि म्हणाला, "काच गेली की माल गेला. आता कशाला ठेवतेस?" बाईंनी मला ठेवलं. त्या रात्री मला उचलताना त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं. ते माझ्या काचेने कापल्याचं नव्हतं.

पुढची वर्षं मी खिशातून ऐकत काढली. बाजूचं बटण दोनदा दाबलं की मी गुपचूप आवाज टिपू लागेन, अशी सोय बाईंनी करून घेतली होती. आवाज म्हणजे हवेची कंपनं. मी त्यांचा आलेख काढतो. थपडेचा आवाज फार छोटा असतो, सेकंदाचा दहावा भागही नाही. आलेखावर तो काट्यासारखा उभा राहतो. डोकं कपाटाच्या दारावर आपटलं की दोन काटे येतात, एक डोक्याचा आणि एक दाराचा. त्यानंतरची शांतता लांबलचक असते. आणि त्या शांततेत पलीकडच्या खोलीतून एक बारीक आवाज येत राहायचा. मुलगी ओरडून सतराचा पाढा म्हणत असायची. कानावर काही पडू नये म्हणून. ती "सतरा पंचे"ला अडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मधूनच सासूबाईंचा आवाज यायचा. "अरे, खिडकी लाव आधी. लोक ऐकतात."

असे एक्केचाळीस आवाज माझ्या पोटात जमा झाले. शिवाय एकोणीस फोटो होते. दंडावरचा, पाठीवरचा, मानेवरचा एकेक वळ, शेजारी लॅबमधली मोजपट्टी धरून काढलेला. बाई शिकलेल्या होत्या. माप नसलेल्या पुराव्याला कोणी विचारत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

मग एके दिवशी त्याने बाईंचा डावा हात पिरगाळला. मनगटाचं हाड मोडलं ते मी ऐकलं. कोरडी काडी मोडावी तसा आवाज. दवाखान्यात सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं, "बाथरूममध्ये पाय घसरला हो तिचा."

प्लास्टर चढलं आणि आठवड्याभरात घरात नवा फोन आला.

"घे," नवरा म्हणाला. "आता तोंड पाडून बसू नकोस. आणि मी सगळं चालू करून आणलंय, तुला काय कळतंय त्यातलं! तो जुना डबडा उद्या दुकानात देऊन टाकू. बदल्यात घेतायत ते."

"अहो, त्यात पोरीचे फोटो आहेत."

"मग घे की काढून. उद्या संध्याकाळपर्यंत."

नवा फोन माझ्या घराण्यातला नव्हता. त्याची कंपनी वेगळी, भाषा वेगळी, वस्तू ठेवायचे कप्पेही वेगळे. आमच्या दोन घराण्यांत बोलणंचालणं बेताचंच. माझ्याकडचं सामान त्याच्याकडे न्यायचं, तर मध्ये एक दुभाषा लागतो. तसं एक ॲप बाईंनी माझ्यात घातलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या ओट्यावर आम्हा दोघांना शेजारी ठेवलं. आवाज हरवले तर आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

पन्नास मिनिटं मी ओतत राहिलो. मग दोघांच्याही पडद्यावर आलं, शंभर टक्के पूर्ण. आणि माझ्यावर आणखी एक प्रश्न, जुना फोन पुसून टाकायचा का?

लॅबच्या मोठ्या मॅडम डबा बंद करत होत्या. "झालं का गं तुझं घर बदलून?"

"शंभर टक्के म्हणतोय."

"यंत्र म्हणतंय म्हणून सही करतेस का तू कधी? मग?"

बाई हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. त्या लॅबचा एक नियम होता. अहवाल जुळेपर्यंत मूळ नमुना फेकायचा नाही. त्यांनी "नंतर" असं उत्तर दिलं आणि मोजायला बसल्या. फोटो माझ्याकडे सहाशे चौदा, त्याच्याकडे सहाशे चौदा. नंबर दोनशे तीन, तिकडेही दोनशे तीन. आवाज माझ्याकडे एक्केचाळीस. तिकडे शून्य.

दुभाष्याने ते उचललेच नव्हते. माझ्यातला आवाजांचा कप्पा त्याच्या यादीतच नव्हता, आणि यादीत नसलेल्या सामानाबद्दल तो अवाक्षरही बोलला नव्हता. बाईंचा चेहरा उतरला. पण मी अजून शाबूत होतो. सुट्टी संपली होती; जुना फोन दुकानात दिला असं घरी सांगायचं आणि उद्या मला लॅबच्या संगणकाला जोडायचं, असं त्यांनी ठरवलं.

मित्रांनो, आकडे त्यांनी बरोबर तपासले. चूक वेगळीच झाली. नळी हातात आली की आधी तिच्यावरचं नाव वाचायचं, मग बाकीचं, हे त्यांनी बारा वर्षं नव्या मुलींना शिकवलं होतं. नव्या फोनवरचं नाव मात्र त्यांनी वाचलं नाही. फोन ज्याच्या खात्यावर चालतो, त्या खात्यात त्याचे फोटो आपोआप जमा होतात आणि त्याच खात्यावरच्या दुसऱ्या फोनवरही उमटतात. नवऱ्याने फोन "चालू करून" आणला होता तो स्वतःच्या खात्यावर. बाई कुठे जातात, कोणाशी बोलतात, हे त्याला बसल्या जागी दिसावं म्हणून.

संध्याकाळी साडेसहाला बाई मुलीला घेऊन घरी आल्या. दारातच त्याच्या चपला दिसल्या. तो कधी आठच्या आत येत नसे. बाईंनी मुलीला आतल्या खोलीत पाठवलं आणि खिशात हात घालून माझं बटण दोनदा दाबलं.

"हा दंड कोणाचा?" त्याने स्वतःचा फोन त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवला. "मी गिऱ्हाइकाला आरशाचे नमुने दाखवतोय आणि एकामागून एक हे! मोजपट्टी लावून! कोणाला दाखवणार होतीस, बोल?"

पहिला फटका कानाखाली बसला. दुसऱ्याने त्या ओट्यावर आदळल्या, ताटं खाली आली. त्याने नव्या फोनवरून एकेक फोटो पुसला. पुसताना मोठ्याने मोजत होता. एकोणीसपर्यंत. मग त्याने त्यांचे केस मुठीत धरले. "आता तो जुना दे."

"तो दुकानात..."

प्लास्टरच्या हातावर त्याने गुडघा ठेवला. बाईंची किंकाळी माझ्या आलेखाच्या वर गेली, मापाबाहेर. त्याने मला खिशातून ओढलं, फरशीवर आपटलं, टाचेने चिरडलं. मग दुकानाची पिशवी उघडून खिळे ठोकायची हातोडी काढली. पहिल्या घावाला काचेचा चुरा झाला. दुसरा कोपऱ्यावर बसला. तिसऱ्याने पाठ फुटली. माझ्या भावंडांना पाडून बघणाऱ्या त्या कारखान्यातल्या माणसांना हातोडीची कल्पना सुचली नव्हती.

"खिडकी लाव रे," सासूबाई म्हणाल्या.

"लावली." त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं. काळा, मुका, ठिकऱ्या झालेला. "काच गेली. मेला हा." आणि मला ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

त्याच्या धंद्यात ते खरंच होतं. काच फुटली की वस्तू संपते. पण माझ्यात काच म्हणजे फक्त खिडकी. ऐकणारा मी आतल्या पट्टीवर, नखाएवढ्या चिपमध्ये राहतो. खिडकी गेल्यामुळे मी कोणाला काही दाखवू शकत नव्हतो. ऐकू मात्र येत होतं. बटण कोणी पुन्हा दाबलं नव्हतं, त्यामुळे मी टिपत राहिलो. सालींच्या आणि चहाच्या चोथ्याच्या खाली, बॅटरी संपेपर्यंत.

सकाळी कचरा टाकायला बाई खाली उतरल्या. मुलगी दप्तर घेऊन बरोबर. बाईंनी डबा रिकामा करण्याआधी त्यात हात घातला, मला बाहेर काढलं, ओढणीत गुंडाळलं. त्यांचा ओठ सुजला होता, एक डोळा उघडत नव्हता. त्या शाळेकडे वळल्या नाहीत. सरळ लॅबमध्ये गेल्या.

मोठ्या मॅडमनी त्यांना बघितलं आणि हातातली नळी ठेवून दिली. "बस. काही बोलू नकोस. आधी बर्फ लाव."

दुपारी त्या दोघी मला दुरुस्ती करणाऱ्या एका बाईकडे घेऊन गेल्या. तिने डोळ्याला भिंग लावलं, मला उघडलं आणि शीळ घातली. "कोणावरचा राग याच्यावर काढलाय?"

तिने वर पाहिलं, बाईंचा डोळा पाहिला आणि पुढे एकही विनोद केला नाही. माझी बॅटरी फुगून टम्म झाली होती, तिला तसाच करंट दिला असता तर पेट घेतला असता. ती काढली. दुसऱ्या फोनची काच तारांच्या पट्टीने मला जोडली, बाहेरून वीज दिली. मी जागा झालो. बाईंनी उजव्या हाताने माझ्या कुलपाचा आकडा घातला.

सहाशे चौदा फोटो. ते मी नव्या फोनला दिले होते म्हणजे त्यांची नक्कल दिली होती, मूळ माझ्याकडेच होते. मग आवाज. संगणकावर ते उतरत असताना बाई मोजत होत्या.

"बेचाळीस," त्या म्हणाल्या. "एक जास्त आहे."

"चुकली असशील," मॅडम म्हणाल्या.

"मी मोजण्यात चुकत नाही."

बेचाळिसावा साडेचार तासांचा होता.

पोलिसांच्या खोलीत पंखा घरघरत होता. बाईंच्या तक्रारीवरून बोलावलेले नवरा आणि सासूबाई आधीच येऊन बसले होते. दोघांचं बोलणं घोटून पाठ केल्यासारखं.

"बाथरूममध्ये पडली," तो म्हणाला. "डोकं ठिकाणावर नसतं हो तिचं. स्वतःच लावून घेते आणि नाव माझं."

"मी होते ना तिथे," सासूबाई म्हणाल्या. "आईच्या मायेने सांगते, त्याने बोटही लावलं नाही."

अधिकारी बाईंनी मान हलवली, लिहून घेतलं आणि संगणकाचं बटण दाबलं. आधी हातोडीचे तीन घाव. मग बराच वेळ भांड्यांचा आवाज, नळाचा आवाज. आणि मग स्वच्छ, अगदी ओट्याजवळून,

"उद्या कोणी विचारलं तर?"

"बाथरूममध्ये पडली म्हणायचं, आई."

"मागच्या वेळी तेच सांगितलं होतं मी. दरवेळी बाथरूम कसं चालेल?"

"चालतं. तिचं कोण ऐकतंय! तू वाढ."

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. नवरा उठून उभा राहिला. त्याची नजर संगणकावर होती, पुराव्याच्या पाकिटातल्या माझ्यावर होती, बाईंवर अजिबात नव्हती.

"हे शक्यच नाही," तो ओरडला. "तो फोन तर मी हातोडीने फोडला होता!"

अधिकारी बाईंनी आवाज थांबवला.

"हेही लिहून घ्या," अधिकारी बाई शेजारच्या हवालदारांना म्हणाल्या. "त्यांच्याच शब्दांत."

मित्रांनो, आता मी कामाचा उरलो नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागतो. फोन बदलाल तेव्हा जुना पुसायची घाई करू नका. पोहोचलं म्हणणाऱ्यावर न जाता स्वतः मोजा, आणि नवा फोन कोणाच्या नावावर आहे ते सगळ्यात आधी वाचा. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. मी निर्जीव होतो, मला तोंड नव्हतं, तरी ऐकलेलं मी जपून ठेवलं. तुम्हाला तोंड आहे. भिंतीपलीकडून तसा आवाज आला तर खिडकी लावू नका. शाळेतल्या बाईंना सांगा, गुरुजींना सांगा, शेजाऱ्यांना सांगा. पहिल्याने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा.