जाळीतली छकुली

मोताळ्याच्या पुढे रान लागतं, तिथल्या एका लहान गावात धम्मशीलाताईंची अंगणवाडी. तक्ते टांगून पोरांना फुलं शिकवणं ताईंना मुळीच पटत नसे. दाराबाहेर अख्खं रान फुललेलं असताना भिंतीवरचं फूल कोण बघणार? चैत्रात ऊन तापायच्या आत त्या पोरांना घेऊन मोहाखाली निघत. मदतनीस अन्नपूर्णाबाई मागे खिचडी शिजवायला थांबे आणि दरवेळी बजावे, "ताई, मोह पडते तथी अस्वल येते बरं!" ताई ते हसण्यावारी नेत.

त्या दिवशी सहा पोरं होती. फुलं वेचून झाली, पळसाच्या पानांवर मांडून, मोजून झाली. मग सशाचा खेळ. ताईंनी टाळी दिली की सशांनी जाळीत दडायचं आणि दुसरी टाळी होईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. पाच ससे ताईंच्या मागच्याच झुडपात घुसले. चार वर्षांची छकुली मात्र भारी चतुर. ती मोहापलीकडच्या घाणेरीच्या जाळीत जाऊन बसली.

आणि अस्वल आलं.

नाल्यातून वर चढलं, काळंकुट्ट, आणि जमिनीला नाक घासत, फुसफुस करत मोहफुलं खाऊ लागलं. ताईंची नजर घाणेरीकडे गेली. टाळी वाजवावी, तर छकुली हसत थेट त्याच्या तोंडासमोर येणार. धावत जावं, तर वाळल्या पानांचा आवाज होणार आणि ते अंगावर येणार. तेवढ्यात मागे झुडपातला गोपाल मुसमुसायला लागला. त्याने एकदा भोकाड पसरलं की संपलंच.

ताई तरी काय करणार होत्या? 'छकुली, हलू नको बाई,' असं मनात म्हणत त्यांनी पाचांना खुणेने उठवलं. "हात धरा. मांगं पाहू नोका," एवढंच कुजबुजल्या आणि त्यांना हळूहळू वाटेवरच्या मोठ्या दगडाआड नेलं. जाळीकडे पाठ फिरवताना जीव अर्धा झाला. दगडाआडून काहीच दिसत नव्हतं, नुसती ती फुसफुस ऐकू येत होती. मग तीही थांबली, तेव्हा ताईंना जास्तच भीती वाटली.

पोरांना तिथेच बसवून त्या धावत सुटल्या. अस्वल निघून गेलं होतं. टाळीची शुद्ध कुणाला? दोन्ही हातांनी त्यांनी काटेरी घाणेरी बाजूला सारली. छकुली आत होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, फक्त चड्डी ओली झाली होती.

"माही बाय!" ताईंनी तिला उराशी धरलं आणि ढसाढसा रडल्या. पोरगी लाकडासारखी ताठ.

"मी हालली नाही," ती म्हणाली.

"हाव, शाहनी माही पोरगी."

"तुमी त्याईले घेऊन गेल्या. म्या पाह्यलं." छकुलीचा आवाज अगदी बारीक झाला. "मले काऊन नाही नेलं?"

ताईंनी पदराने तिचे पाय पुसले. कारणं होती, सगळी खरी होती. चार वर्षांच्या पोरीला सांगता येईल असं त्यांत एकही नव्हतं.

परत निघताना ताईंनी हात पुढे केला. छकुलीने तो पाहिला, आणि पुढे पळत जाऊन गोपालचा सदरा धरला.