ओकपर्यंतची वाट

हेस्टरने फाटकाची कडी काढली, पण विल्फचा हात सोडला नाही. फक्त फाटकापर्यंत, असे ठरवूनच दोघे निघाले होते.

पक्षाघातानंतर विल्फला कोणीतरी बाजूने धरावे लागे. तरी गव्हाच्या शेतातून ओकच्या झाडापर्यंत रोज जाण्याचा हट्ट त्याने सोडला नव्हता. तिथून चर्चचा वाकडा मनोरा दिसतो. तो पाहायला दूरदूरची माणसे येतात. विल्फ जन्मभर पाहत आला होता आणि तो आणखी कलला असल्याचे रोज सांगत होता. हेस्टरने मोजमापे घेऊन ते खोटे ठरवले होते, त्याने काही फरक पडला नाही.

शेतातली पायवाट कायद्याने सर्वांची, पण एका माणसापुरती. विल्फला धरायचे तर हेस्टरला पिकातून चालावे लागे. मागच्या आठवड्यात शेताच्या मालकाने, डेन्झिलने, त्यांना पाहून ट्रॅक्टर थांबवला होता.

"बाई, रांग मोडली की मला वर्गाबाहेर काढायचात. आता माझ्या गव्हात हे काय?"

तिने माफी मागितली आणि कापणी होईपर्यंत फिरणे बंद केले. विल्फ मात्र रोज सकाळी बूट घालून बसू लागला.

आज फाटकापलीकडे वाट दोन माणसांपुरती रुंद होती. गव्हाची कापलेली हिरवी ताटे अजून सुकली नव्हती.

"वाट कापायचं नवं यंत्र घेतलं असेल त्यानं," हेस्टर म्हणाली.

"डेन्झिलनं? तो बुटाची नाडी नवी घेत नाही."

दोघे शेजारी शेजारी ओकपर्यंत गेले. मनोरा आणखी कलला होता, असे विल्फचे मत पडले. त्याला खोडाला टेकवून हेस्टर झाडाला वळसा घालून गेली. पलीकडे, थेट ओढ्यापर्यंत, वाट पूर्वीसारखीच होती: एका माणसापुरती. यंत्राची रुंदी झाड पाहून बदलत नाही. ती विल्फला घ्यायला मागे वळली.

परतताना डेन्झिल फाटकाच्या बिजागरीला तेल घालत होता.

"वाट रुंद झालीय, डेन्झिल."

"पातं सरकलं होतं, बाई." त्याने मान वर केली नाही. "ध्यानात येईस्तोवर ओक आला."

याहून कितीतरी बऱ्या उत्तरांवर हेस्टरने लाल रेघ ओढली होती; त्यांतली बरीचशी डेन्झिलचीच.

"होतं असं," ती म्हणाली.