माइकची शिट्टी

सकाळपासून नळ नुसता फुस्स करत होता आणि माइकवाला त्याला शिव्या घालत होता.

"नळाला काय बोलता?" बायको म्हणाली. "तळं बुजवायचं की नाही, ते आज सभेत ठरतंय. तुमच्या ताई बोलणार आहेत. त्यांचं तरी ऐका."

"ताई! युद्ध झालं तरी बोलते, ऊन पडलं तरी बोलते!"

नळाला पाणी त्या तळ्याचंच. तिथे आता तोफगोळ्यांचा कारखाना यायचा होता. शेजारच्या देशाशी युद्ध पेटल्यापासून ज्याला त्याला अचानक भूगोल यायला लागला होता. विरोधात एकटी नगरसेविका, म्हणजे माइकवाल्याची सख्खी ताई.

माइकवाल्याकडे एक कला होती. नको असलेला वक्ता उभा राहिला की अध्यक्ष चष्मा पुसत, आणि हा बटण असं फिरवी की माइक शिट्टी मारी. दोन शिट्ट्यांत भलेभले खाली बसत. मग हा हळहळे, "मशीनच आहे शेवटी!"

ताई उठली. सभा दात-ओठ खात बसलीच होती. "आली शत्रूची मावशी!" कुणीतरी ओरडलं. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"हे युद्ध..." कुईईई! "दर उन्हाळा..." कुईईई!

ताईने भावाकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. आत्ताही झाले होते. तिने माइक टेबलावर आडवा ठेवला आणि तशीच बोलू लागली. मागच्यांना ऐकू येईना. आणि शिव्या द्यायच्या तरी आधी ऐकायला नको? पुढची रांग चिडून मागच्या रांगेला सांगू लागली.

"म्हणते, युद्ध तळं पिऊन टाकेल."

"दूध?"

"दूध नाही हो आजोबा, युद्ध!"

"मग दुधाला का शिव्या देताय?"

हशा पिकला, पण वाक्यं मागे सरकत राहिली. शेवटी यंत्राजवळचा दाढीवाला माइकवाल्याच्या कानात खेकसला, "तुमची ती ताई विचारतेय, उन्हाळे लांबत चाललेत, तळं एकच उरलंय. उद्या प्यायचं काय, गोळे?"

आणि बोलता बोलता तोच गप्प झाला. त्याच्याही घरी सकाळपासून फुस्सच असणार!

माइकवाल्याचा हात बटणावरून निघाला. अध्यक्ष चष्मा पुसून पुसून थकले. तो मंचावर गेला, माइक उचलून ताईपुढे धरला. "बोल ताई. आता नाही वाजणार."

"मशीनच आहे ना शेवटी?" ताईने हात पुढे केला नाही. "आधी तू बोल."

त्याने माइक स्वतःच्या तोंडाशी धरला. "शिट्टी मशीन मारत नव्हतं. मी मारत होतो!"

पहिली चप्पल त्याला लागली, दुसरी चुकली. मग ताई बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लोकांनी तिला देशद्रोही म्हटलं, आणि म्हणता म्हणता हात वर केले ते तळ्याच्या बाजूने. भावाशी मात्र ती घरी जातानाही बोलली नाही.

तर मंडळी, युद्धावर आणि उन्हावर बोलणारा माणूस आवडलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. फक्त त्याचा आवाज दाबण्याआधी घरचा नळ एकदा उघडून पाहावा.